गाडी मागून येते तेव्हा

हातमागाखाली धाग्याचे तुकडे पडतात, ते रोज झाडावे लागतात. संध्याकाळी झाडले तरी दुसऱ्या दुपारी पुन्हा तेवढेच. मुद्दाम कोणी टाकत नाही, पडत राहतात. आमचे सायकलचे किस्से असेच जमले. दुपारी डबे उघडले की आमच्या विणकाम केंद्रातल्या बाया आधी भाजी कोणती ते विचारतात आणि मग म्हणतात, "बरं, आज रस्त्यावर काय झालं?" काही ना काही झालेलं असतंच. त्या हसतात. आम्हीही हसतो, कारण तोवर आम्ही सुखरूप पवनीला पोचलेल्या असतो.

आम्ही म्हणजे तिघी. छाया, विमलबाई आणि मी. तिघी आसगावच्या. पवनीला हातमागावर साड्या विणायला जातो. सायकलनं पाऊण तासाची वाट. बस आहे, पण ती शाळेच्या वेळेची आहे, मागाच्या वेळेची नाही. ऑटो भरल्याशिवाय जागचा हलत नाही. म्हणून सायकल. आणि त्याच रस्त्यानं नदीची रेती भरलेले टिप्पर जातात, एकामागून एक.

विमलबाई साठीच्या. उजव्या कानानं त्यांना काहीच ऐकू येत नाही, डाव्यानं थोडं येतं. मागावर बसलं की कानाचं काम पडत नाही. डोळे, हात आणि पाय पुरतात, आणि विमलबाईंसारखा काठ आमच्यात कोणाला जमत नाही. पण रस्त्यावर गाडी मागून येते. मागच्या वर्षी त्यांच्या मुलानं, दिलीपनं, दारातच सायकलचं हँडल धरलं.

"आई, आता पुरे झालं."

"घरी बसून काय भितीले पाहत राहू?" विमलबाई म्हणाल्या.

दिलीपनं हँडल सोडलं. मग दिलीप माझ्याकडे वळला. "सुनंदामावशी, तुम्ही हिच्या मांगं राहा. गाडी आली का आवाज द्या. जोवर आई तुमचा आवाज ऐकते, तोवर जाऊ द्या. ज्या दिवशी ऐकला नाही, त्या दिवशी सायकल बंद."

तेव्हापासून छाया पुढे, विमलबाई मधे आणि मी शेवटी. गाडीचा आवाज आला की मी "गाडी" म्हणून ओरडायचं आणि तिघींनी डांबरावरून खाली, कडेच्या मुरमावर उतरायचं. मी देवळातल्या घंटेला दचकणारी बाई. आणि तिघींचे कान व्हायचं काम माझ्याकडे आलं.

* * *

पहिल्या आठवड्यात ओरडून ओरडून मी पार थकून गेले. छाया आमच्यात लहान, तिशीची. तिला रोज एक युक्ती सुचते. ती म्हणाली, "ताई, ओरडता कायले? दोरी बांधा ना."

विणकरणीला दोरीची काय कमतरता. सुताचे धागे घेऊन आम्ही त्यांना आठपदरी पीळ दिला. एक टोक माझ्या हँडलला, दुसरं विमलबाईंच्या कमरेला. एक झटका म्हणजे मागून गाडी आली. दोन झटके म्हणजे गेली. दोन दिवस इतकं छान चाललं की मला वाटलं, हे सगळ्या जगाला सांगायला पाहिजे.

तिसऱ्या दिवशी एक कुत्रं आडवं आलं. मी ब्रेक दाबला. विमलबाईंनी दाबला नाही, त्यांच्यासमोर कुत्रं नव्हतंच. दोरी ताणली गेली आणि त्या सीटवरून मागच्या मागे उचलल्या गेल्या. माझं हँडल फिरलं. डोळे उघडले तेव्हा मी डांबरावर आडवी होते आणि माझ्या पायापासून हातभर अंतरावर एका ट्रॅक्टरचं पुढचं चाक उभं होतं.

ट्रॅक्टरवाला खाली उतरला. त्यानं दोरी तोडून पाहिली, तुटली नाही. गाठ सोडून पाहिली. विणकराची गाठ ओढली की आणखी आवळते, ती त्याला काय सुटणार? शेवटी त्यानं विळा आणून दोरी कापली.

विमलबाई रस्त्यात बसूनच होत्या. कापलेलं टोक हातात घेऊन त्यांनी गाठ निरखून पाहिली.

"कोणं बांधली होती?"

"मी," मी रडत म्हटलं.

"चांगली बांधली."

* * *

मग दिलीपनं मोटरसायकलचा आरसा आणून आईच्या हँडलला बसवला. विमलबाई दोन दिवस खूश होत्या. तिसऱ्या दिवशी धानाला पाणी देणाऱ्या नहराच्या पुलावर थांबल्या आणि मला म्हणाल्या, "मले मांगचं काहीच दिसत नाही. नुसती तूच दिसतेस."

मी थोडी बाजूला होऊन सायकल चालवली. संध्याकाळी विचारलं, "आता दिसते का?"

"अजून तूच दिसतेस. अन् तुहं तोंड असं भेलेलं, का मलेच भेव लागते. मी रस्ता पाहू का तुले धीर देऊ?"

दुसऱ्या दिवशी आरसा त्यांच्या घरी खिळ्याला टांगलेला दिसला. त्यात सून भांग पाडते.

* * *

एका रविवारी मी घरी अंगणात तांदूळ निवडत होते. आमचे हे मागून आले. चपलेचा आवाज झाला, आणि मी "गाडी" म्हणून ओरडून सूप घेतलं आणि थेट मोरीत जाऊन उभी राहिले.

हे मोरीपाशी आले. मग म्हणाले, "मी आहो. चाय मिळन का म्हणून आलो होतो."

* * *

दिवाळीनंतर दिवस लहान होतात. सुट्टी होऊन आसगावला पोचेपर्यंत अंधारून येतं. आपण मागून दिसलो पाहिजे, हे आम्हाला कळत होतं. छाया म्हणाली, "चमकणारं पाहिजे ना? मंग आपल्याजवळ जर आहे. जरीपेक्षा जास्त काय चमकते?"

मलाही ते पटलं. आयुष्यभर आम्ही हेच ऐकलेलं. मंडपात नवरी कुठंही बसली तरी जरीच्या काठानं ओळखू येते. आम्ही मागांवरची उरलेली जर जमवली, चार बोटं रुंद पट्टी विणली आणि तिघींच्या स्वेटरच्या पाठीवर फुली काढल्यासारखी शिवली. केंद्रातल्या ट्यूबलाइटखाली उभ्या राहिलो तर बाया म्हणाल्या, डोळे दिपतात.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा मोकळ्या मनानं सायकल चालवली. मागून येणाऱ्याला आपण दिसतो आहोत, ही केवढी मोठी गोष्ट आहे ते ज्याला रोज भीती वाटते त्यालाच कळेल. आम्ही दिलीपला सांगून ठेवलं होतं, पवनीहून मोटरसायकलवर ये आणि किती लांबून दिसतो ते पाहा.

एक मोटरसायकल आमच्या अगदी कोपराजवळून गेली. हँडल डगमगलं, तोंडावर वारा आला. मी मनात म्हटलं, काय बेशिस्त माणूस आहे. थोड्या वेळानं तीच समोरून परत आली. दिलीप होता.

"कुठं होत्या तुम्ही? मी पार नहरापर्यंत शोधून आलो."

"आताच तं गेला तू आमच्या बाजूनं," छाया म्हणाली.

दिलीपनं गाडी बंद केली. तिचा लाइट विझला. अंधारात तो हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे ज्याले मी हँडल मारून चुकवलं, तो दगड नव्हता? आई होती?"

जर ट्यूबलाइटखाली चमकते. गाडीच्या लाइटपुढे ती मळक्या सुतळीसारखी दिसते. हे आम्हाला तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी दिलीपनं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लावतात ते लाल रेडियम आणलं आणि आमच्या मडगार्डवर, कॅरिअरवर, डब्याच्या पिशवीवरसुद्धा चिकटवलं. स्वेटरवरची जर विमलबाईंनी उसवली नाही. म्हणाल्या, "राहू दे. थंडी तं वाजत नाही."

* * *

धान कापून झालं की लोक ते रस्त्यावर वाळत घालतात. अर्ध्या रस्त्यावर धान, कडेनं दगड लावलेले. आमची डावी बाजू जाते आणि आम्हाला मधून जावं लागतं.

एका दुपारी लवकर सुट्टी झाली होती. डाव्या हाताला लांबच लांब धान पसरलेलं, उजव्या कडेला खोल नाली, आणि समोरून टिप्पर. मागे वळून पाहिलं तर मागूनही एक. मी "गाडी" म्हणून ओरडले. पण उतरायचं कुठं? डावीकडे धान होतं. मोकळं, सपाट, दोन बैलगाड्या मावतील एवढं. आणि आम्ही तिघी तिथंच रस्त्याच्या मधोमध सायकली धरून उभ्या राहिलो. तिघी शेतकऱ्यांच्या लेकी. अन्नावर चाक घालायचं आमच्या मनातच आलं नाही.

समोरच्या आणि मागच्या, दोन्ही टिप्परनी करकचून ब्रेक मारले. सगळीकडे धूळ झाली. राखणीला बसलेला म्हातारा काठी टाकून धावत आला.

"अव बायांनो, या ना इकडे, धानावर या. मरता का काय तिथं?"

छाया गेली. मी गेले. विमलबाई मात्र अजून रस्त्यातच. दोन्ही टिप्पर हॉर्न वाजवताहेत, आणि या खाली वाकलेल्या. मला वाटलं, चाकात लुगडं अडकलं. म्हातारा त्यांचा हात धरून ओढायला लागला.

त्या चपला काढत होत्या. दोन्ही काढल्या, हातात घेतल्या, धानाला नमस्कार केला आणि मग पाय ठेवला.

* * *

नहराच्या पुलाजवळ चहाची टपरी आहे. तिथं एक टिप्पर उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर चहा पीत होता. पन्नाशीचा, डोक्याला गमछा बांधलेला माणूस. छायाला राग आवरेना. तिनं सायकल स्टँडवर लावली आणि सरळ त्याच्याकडे गेली.

"दादा, आम्ही एवढं रेडियम लावून फिरून राहिलो. तरी तुम्हाले दिसत नाही का?"

तो भांडेल असं मला वाटलं. त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. "बाई, एक जण वर येऊन पाहा."

छायानं मला पुढे ढकललं. मी लोखंडी पायऱ्या चढून त्याच्या सीटवर बसले. आयुष्यात एवढ्या उंचावर मी फक्त एकदा बसले होते, लहानपणी तणसाच्या, पेंढ्याच्या गंजीवर. समोर देवीचा फोटो, प्लास्टिकची फुलं, मोठी काच. काचेतून सगळं दिसत होतं. टपरीचं छप्पर, नहर, पार पलीकडची झाडं. मला वाटलं, एवढं दिसतं तर मग हे लोक पाहत का नाहीत?

तो खालून विमलबाईंना म्हणाला, "काकू, तुम्ही सायकल घेऊन डाव्या बाजूनं चाकाजवळ उभ्या राहा." मग मला विचारलं, "दिसल्या का?"

मी डावीकडे पाहिलं. टपरी दिसली. छाया दिसली, ती कमरेवर हात ठेवून उभी होती. विमलबाई नव्हत्या. आरशात पाहिलं, तिथं टिप्परचं पिवळं पोट तेवढं दिसलं. मी उठून काचेला कपाळ टेकवलं.

"कुठं गेल्या त्या?"

"तिथंच आहेत."

"नाही ना, दादा. तिथं कोणी नाही."

"आहेत, बाई."

तेवढ्यात खालून, माझ्या पायाखालून आल्यासारखा आवाज आला, "अव, आता किती वेळ उभं ठेवता मले?"

मी खाली उतरले तेव्हा ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं नाही. ग्लास उचलून म्हणाला, "मले रोज असंच दिसते. घरी जाऊन झोप येत नाही, बाई. आज कोणी बाजूले होतं का नव्हतं, याचाच विचार येते."

त्या दिवसापासून टिप्पर उभा असो की चालता, आम्ही त्याच्या बाजूला थांबत नाही. एक तर पार मागे, नाही तर पार खाली मुरमावर. आणि मलाही नीट झोप येत नाही.

* * *

ही गोष्ट गेल्या पौषातली. डब्याच्या सुट्टीत मी ती अजून कोणाला सांगितली नाही.

छाया बारशासाठी माहेरी गेली होती. त्या सकाळी एवढं धुकं होतं की घरासमोरची विहीर दिसत नव्हती. दिलीप दारात उभा होता. "आज दोघीच?" त्यानं विचारलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "मावशी, धुकं आहे."

"मी आवाज देतो ना," मी म्हटलं.

विमलबाई पुढे, मी मागे. गाव सुटलं. पुढची वीस पावलं दिसायची, त्यापुढे सगळं पांढरं. त्यांच्या मडगार्डवरचं लाल रेडियमही फिकट दिसत होतं. मी कान मागे लावून पायडल मारत होते. बराच वेळ कोणीच आलं नाही. मग तो आवाज आला. भरलेल्या टिप्परचा आवाज मला झोपेतही ओळखता येतो.

"गाडी," मी ओरडले आणि सवयीनं मुरमावर उतरले.

विमलबाई उतरल्या नाहीत. त्या सरळ चालल्या होत्या, डांबराच्या मधाकडे सरकत. कदाचित कडेचा खड्डा चुकवत असतील.

"बाई, गाडी."

आवाज जवळ आला. धुकं मागून पिवळं व्हायला लागलं.

"विमलबाई, गाडी आली. खाली उतरा."

चौथ्यांदा काय ओरडले ते मला आठवत नाही. शब्द नसतीलच. त्यांची पाठ तशीच हलत होती, एक पाय वर, एक पाय खाली, निवांत. मी पुन्हा डांबरावर चढले. आयुष्यात मी कधी कोणाला ओव्हरटेक केलं नव्हतं. कशी पायडल मारली ते देवाला माहीत. त्यांच्या उजव्या बाजूला पोचले, माझ्या पाठीवर उजेड पडला, समोर माझीच सावली लांबलचक झाली, आणि मी हँडल सोडून अंगानं त्यांच्यावर कोसळले.

मुरमावरून घसरत आम्ही खालच्या शेतात, बांधीत पडलो. धान निघून गेलेल्या त्या बांधीत लाखोरीची रोपं उगवली होती, दवानं भिजलेली, थंडगार. डोक्यावरून टिप्पर गेला तशी जमीन हलली. पुढे जाऊन तो थांबला असावा, कारण दोन लाल दिवे काही वेळ तसेच दिसत राहिले. मग तेही धुक्यात गेले. आम्ही बांधीत खाली होतो. त्याला कोणीच दिसलं नसेल.

विमलबाई उठून बसल्या. लुगडं चिखलानं भरलं होतं. त्यांनी आधी डबा शोधला, मग चपला, मग माझ्याकडे रागानं पाहिलं.

"ओरडायचं तं होतं."

"ओरडली ना, बाई. चारदा ओरडली."

"काय म्हणतेस?"

मी त्यांच्या तोंडापुढे चार बोटं धरली.

त्या त्या बोटांकडे पाहत राहिल्या. राग उतरला. तोंड एकदम लहान झालं. मग त्यांनी पदराचं टोक ओलं करून माझ्या कोपराचं रक्त पुसलं.

"छाया समोर राहाची, तं ते उतरली का मी उतरत होतो," त्या म्हणाल्या. "दिलीपले सांगू नको."

आम्ही दोघींनी मिळून सायकली वर काढल्या. माझी बरी होती. त्यांची चेन उतरली होती. रस्ता तसाच पांढरा होता, दोन्ही बाजूंनी.

"आतापासून तू समोर चाल," त्या म्हणाल्या. "मी तुले पाहून उतरतो."

"अन् मांगची गाडी कोण ऐकन, बाई?" मी विचारलं.

त्या खाली वाकून चेन बसवत होत्या. चेन बसली. त्यांनी पायडल एकदा उलटं फिरवून पाहिलं, हात लुगड्याला पुसले, आणि मला खूण केली, चाल.